वजन उतरवितांना : आहार, दम आणि बळ यांचा मेळ



शरीराचें वजन उतरविणें हा सांप्रत घरोघरच्या चर्चेचा विषय झाला आहे. कोणी रात्रीचें जेवण सोडतो, कोणी भात वर्ज्य करितो, कोणी पहाटे उठून धांवूं लागतो, तर कोणी महिन्याची वर्गणी भरून जिममध्यें जातो. आठवड्यानें कांट्यावर उभें राहावयाचें; आंकडा उतरला असेल तर आनंद मानावयाचा, नसेल तर सर्व नियम सोडून द्यावयाचे, असा बहुतेकांचा क्रम दिसतो. हें वेड केवळ प्रौढांचें राहिलेलें नाहीं. मधल्या सुट्टींत डबा न उघडतांच तो घरीं परत नेणारीं मुलें व मुली आमच्या दृष्टीस पडूं लागलीं आहेत, आणि त्यांतील पुष्कळांस वजन उतरविण्याची मुळींच गरज नसते. उलटपक्षीं, ज्यांस ती गरज खरोखर आहे अशा कित्येक पालकांस योग्य मार्ग कोणी नीट समजावून सांगितलेला नसतो. म्हणून या दोघांसाठीं हा लहानसा पाठ आम्ही लिहीत आहों.

पाठाचें सार प्रथमच सांगतों. वजन उतरविणें आणि चरबी उतरविणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कांटा हाडें, पाणी, स्नायु व चरबी हीं सर्व एकत्रच तोलतो. त्यांतील काय गेलें व काय राहिलें हें तो सांगत नाहीं. जावयास पाहिजे ती चरबी. राहावयास पाहिजेत ते स्नायु. हें साधण्यासाठीं तीन साधनें आहेत: आहार, दमाचा व्यायाम आणि बळाचा व्यायाम. प्रत्येकाचें काम वेगळें आहे, आणि एकाचें काम दुसऱ्यावर लादलें म्हणजे कांट्यावर यश दिसूनहि शरीराचें नुकसान होतें.

या दोन व्यायामांतील भेद आधीं स्पष्ट करूं. ज्यानें श्वास जलद होतो, हृदय भराभर चालूं लागतें, व जो बराच वेळ सतत करितां येतो, तो दमाचा व्यायाम. जसें भरभर चालणें, धांवणें, पोहणें, सायकल चालविणें, दोरीवरच्या उड्या मारणें. जिममध्यें यासच कार्डिओ म्हणतात. ज्यांत स्नायूंस ओझ्याशीं झगडावें लागतें, व थोड्याच आवर्तनांत ते थकून जातात, तो बळाचा व्यायाम. जसें जोर, बैठका, मल्लखांब, मुद्गल फिरविणें किंवा वजनें उचलणें. आमच्या जुन्या तालमींत या दुसऱ्या प्रकारास मोठा मान होता. सूर्यनमस्कार दोहोंच्या सीमेवर आहेत: थोडे व सावकाश घातले तर हातापायांस बळ देतात, पुष्कळ व भरभर घातले तर दम वाढवितात.

कांट्यावरचा आंकडा किती फसवा असूं शकतो याचें एक उदाहरण आपल्या पुण्याचेंच आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयांतील मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनीं आपल्या दोघांचेंच एक चित्र २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागिलें असतां जो अंक येतो, त्यास देहभारांक म्हणतात. दोघांचाहि देहभारांक २२.३, म्हणजे अगदीं सारखा होता. परंतु शरीरांतील चरबी मोजली तेव्हां डॉ. युडकिन यांच्या ठिकाणीं ती ९.१ टक्के, आणि डॉ. याज्ञिक यांच्या ठिकाणीं २१.२ टक्के निघाली. हिंदी मनुष्य दिसावयास सडपातळ असूनहि त्याच्या अंगांत स्नायु कमी व चरबी अधिक असूं शकते, हें त्यावरून सर्वांच्या लक्षांत आलें. याच कारणास्तव आशियाई लोकांसाठीं धोक्याची मर्यादा २५ ऐवजीं २३ पासून धरितात, आणि आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रीची ८० सेंटिमीटर यांपुढें जाऊं नये असें सांगतात. ज्यांचे स्नायु मुळांतच थोडे, त्यांनीं वजन उतरवितांना तेच गमावले, तर तो लाभ कसला?

आतां एकेका साधनाचें काम पाहूं, आणि प्रथम आहार घेऊं. येथें थोडें अंकगणित आवश्यक आहे. एक ग्रॅम प्रथिनांत किंवा पिष्टांत सुमारें ४ कॅलरी असतात, एक ग्रॅम तेलातुपांत ९. अंगावरील एक किलो चरबींत सुमारें ७,७०० कॅलरी सांठलेल्या असतात. सत्तर किलो वजनाचा मनुष्य ताशीं पांच किलोमीटर गतीनें एक तास चालला, तर त्याच्या सुमारें अडीचशे कॅलरी खर्च होतात. आणि जेवणाचे दोन मोठे चमचे तेल पोटांत गेलें म्हणजे तितक्याच कॅलरी दोन घांसांत परत येतात. यावरून उघड आहे कीं, खाण्यांत आवर न घालतां केवळ चालून वजन उतरवूं पाहणें म्हणजे गळक्या घागरींत पाणी भरणें होय. चरबी कमी करण्याचें मुख्य काम आहाराचें आहे. रोज सुमारें पांचशे कॅलरींची तूट आली, तर आठवड्यास जवळजवळ अर्धा किलो असा हिशेब बसतो. प्रत्यक्षांत हळूहळू ती गति मंदावते, कारण हलक्या झालेल्या शरीराचा खर्चहि कमी होतो. हें अपयश नव्हे, हा शरीराचा धर्म आहे.

मग खाणेंच निम्मे केलें तर? या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत मिळालें. दुसरें महायुद्ध चालूं असतां, १९४४-४५ सालीं, ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञानें ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धांत शस्त्र धरण्यास नकार दिलेले हे तरुण उपासमारीनें गांजलेल्या लोकांच्या उपयोगी पडावें म्हणून आपण होऊन पुढें आले होते. चोवीस आठवडे त्यांस पूर्वीच्या निम्म्याच्या आसपास अन्न, तेंहि बहुतांशीं बटाटे, सलगम व पाव असें, देण्यांत आलें. आणि आठवड्यास २२ मैल चालण्याचा नेम ठेविला. त्यांचें वजन सुमारें एकचतुर्थांश उतरलें. परंतु त्याबरोबर स्नायु झडले, बळ ओसरलें, नाडी मंदावली, उन्हाळ्यांतहि थंडी वाजूं लागली. अन्नावांचून दुसरा विचार सुचेना. स्वभाव चिडखोर व उदास झाला. चालणें चालूं होतें, तरी त्यानें बळ राखलें गेलें नाहीं.

हे तरुण लठ्ठ नव्हते, हें येथें लक्षांत ठेविलें पाहिजे. लठ्ठ मनुष्याजवळ चरबीचा सांठा असतो, त्यामुळें त्यास हे सर्व परिणाम इतक्या तीव्रतेनें भोगावे लागत नाहींत. पण डबा परत नेणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांजवळ तो सांठा कोठें आहे? त्यांच्याच वाढत्या देहास हा प्रयोग अधिक लागू पडतो. गणिताच्या तासास लक्ष न लागणें, लहानशा गोष्टीवरून रडूं येणें, मैदानावर चक्कर येणें, यांचें मूळ कित्येकदां रिकाम्या पोटांत असतें.

दुसरें साधन दमाचा व्यायाम. त्याचें काम मुख्यत्वेंकरून हृदयाचें रक्षण करणें हें आहे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर काम करणाऱ्यांची जेरी मॉरिस या डॉक्टरांनीं केलेली पाहणी १९५३ सालीं प्रसिद्ध झाली. चालक दिवसभर बसून असे. वाहक तिकिटें देण्यासाठीं जिना सारखा चढे व उतरे. वाहकांमध्यें हृदयविकार कमी आढळला. पुढें १९५६ सालीं मॉरिस यांनीं असेंहि दाखविलें कीं, चालकांच्या गणवेशाची कंबर वाहकांच्या गणवेशाहून मोठी असे. तेव्हां सर्व भेद केवळ जिन्यामुळेंच पडला असें म्हणतां येत नाहीं. तथापि त्यानंतर अनेक देशांत झालेल्या पाहण्यांनीं मूळ निष्कर्षास बळकटीच आणिली आहे. नियमित चालण्याधांवण्यानें रक्तदाब व रक्तांतील साखर आटोक्यांत राहण्यास मदत होते, आणि एकदां उतरलेलें वजन पुन्हां चढूं न देण्यासहि हाच व्यायाम फार उपयोगी पडतो.

तिसरें साधन बळाचा व्यायाम. याविषयीं आमच्या लोकांत पुष्कळ गैरसमज आहेत. हा पहिलवानांचा विषय, स्त्रियांचा नव्हे, पन्नाशीनंतर तर नव्हेच, असें मानितात. बोस्टन शहरीं नव्वदीच्या घरांतील दहा वृद्धांकडून पायांच्या बळाचा व्यायाम आठ आठवडे करवून घेतला, त्याचा वृत्तांत १९९० सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांनीं तो क्रम पुरा केला, त्यांच्या मांड्यांचें बळ सरासरी १७४ टक्क्यांनीं वाढलें होतें. नव्वदाव्या वर्षीं जें साधतें, तें पंचेचाळिसाव्या वर्षीं कां साधूं नये? शिवाय जेवणानंतर रक्तांत येणाऱ्या साखरेचा मोठा वांटा स्नायुच उचलून घेतात. ज्या घरांत मधुमेह पिढीजात आहे, तेथें स्नायु राखणें म्हणजे साखरेचें कोठार राखणें होय. वजन उतरवितांना या व्यायामाचें काम हेंच: तूट भरून काढण्यासाठीं शरीरानें चरबी मोडावी, स्नायु मोडूं नयेत, अशी सूचनाच जणूं तो शरीरास देत असतो.

तिन्ही साधनें एकत्र आणल्यास काय होतें, याची परीक्षा अमेरिकेंत झाली व तिचा निकाल २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. पासष्ट वर्षें व त्यांहून अधिक वयाच्या १६० लठ्ठ व्यक्ति तींत होत्या. तीन गटांस मिताहार दिला. त्यांपैकीं एकास दमाचा व्यायाम, दुसऱ्यास बळाचा व तिसऱ्यास दोन्ही सांगितले. चौथा गट तुलनेसाठीं जसाच्या तसा ठेविला. सहा महिन्यांनीं तिन्ही गटांचें वजन सारखेंच, सुमारें ९ टक्के उतरलें. कांट्यास विचारलें असतें तर तिघांत कांहींच भेद नाहीं असें त्यानें सांगितलें असतें. परंतु चरबी वगळून उरणारें शरीर केवळ दमाचा व्यायाम करणाऱ्यांत ५ टक्क्यांनीं घटलें, बळाचा करणाऱ्यांत २ टक्क्यांनीं, व दोन्ही करणाऱ्यांत ३ टक्क्यांनीं. उठणें, चालणें, जिना चढणें इत्यादि कामांच्या कसोटींत पहिल्या दोन गटांची प्रगति प्रत्येकीं १४ टक्के झाली, तर दोन्ही व्यायाम करणाऱ्यांची २१ टक्के. मेळ म्हणजे काय, हें याहून स्पष्ट करून सांगण्याची गरज नाहीं.

आतां व्यवहाराकडे वळूं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं असें सुचविलें आहे कीं, आठवड्यांतून १५० ते ३०० मिनिटें मध्यम गतीचा दमाचा व्यायाम करावा, व निदान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंस बळाचा व्यायाम द्यावा. पालकांनीं आठवड्यांतील पांच दिवस अर्धा अर्धा तास भरभर चालावें. बोलतां यावें पण गातां येऊं नये, इतकी गति पुरे. ज्यांस संवय नाहीं त्यांनीं दहा मिनिटांनीं आरंभ करावा. एकाआड एक असे दोन किंवा तीन दिवस जोर व बैठका यांसाठीं ठेवावे. प्रथम भिंतीस हात टेंकून, मग बाकाच्या कडेवर, व शेवटीं जमिनीवर जोर काढावे. बैठका प्रथम खुर्चीवरून उठण्याबसण्यानें सुरू कराव्या. पाण्यानें भरलेली कळशी किंवा धान्याची पिशवी उचलूनहि पाठीस व दंडांस काम देतां येतें. एका वेळीं आठ ते बारा आवर्तनें, अशा दोन तीन फेऱ्या कराव्या. शेवटचीं दोन आवर्तनें कष्टानें व्हावीं. तीं सहज होऊं लागलीं म्हणजे ओझें थोडें वाढवावें. श्वास कोंडूं नये. दोन्ही व्यायाम एकाच दिवशीं करावयाचे असल्यास बळाचा आधीं व दमाचा मागाहून करावा, म्हणजे ताजेपणीं स्नायूंस पुरें काम देतां येईल. एक दिवस विश्रांतीचा असावा, आणि झोंप रोज सात तासांहून कमी नसावी.

ताटाविषयीं बोलावयाचें, तर आपल्या पुष्कळ घरांत भात, पोळी व बटाट्याची भाजी अशीं तिन्ही पिष्टेंच एका ताटांत एकत्र येतात, आणि वरण नांवापुरतें असतें. निम्मे ताट पालेभाजी, फळभाजी व कोशिंबीर यांनीं भरावें. पाव भागांत भाकरी, पोळी किंवा भात असावा. उरलेल्या पाव भागांत घट्ट वरण, उसळ, दही, अंडें किंवा मासळी असावी. तळण व गोड पेयें आधीं कमी करावीं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणें प्रौढास रोज वजनाच्या दर किलोमागें ०.८३ ग्रॅम प्रथिनें पाहिजेत, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीस सुमारें ५० ग्रॅम. वजन उतरवितांना स्नायु राखावयाचे असल्यास याहून अधिक, किलोमागें सव्वा ते दीड ग्रॅमपर्यंत, घ्यावीं असें अनेक तज्ज्ञ सांगतात. पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळींत सुमारें १० ग्रॅम, एका अंड्यांत ६ ग्रॅम, पेलाभर दुधांत ६ ते ७ ग्रॅम, व शंभर ग्रॅम बांगड्यांत १८ ते २० ग्रॅम प्रथिनें असतात. शेंगदाण्यांतहि तीं विपुल आहेत, परंतु तेलहि विपुल आहे. म्हणून ते मूठभरच घ्यावे.

येथें एका गोष्टीकडे आम्ही गृहस्थांचें लक्ष विशेषेंकरून वेधूं इच्छितों. कित्येक घरांत माता सर्वांच्या मागून जेवते. तोंपर्यंत उसळ संपलेली, दूध मुलांस दिलेलें, व भात तेवढा उरलेला असतो. दिवसभराच्या घरकामानें ती थकते खरी, पण त्या कामानें तिच्या स्नायूंस वाढतें ओझें मिळत नाहीं. तिचें वजन वाढतें आणि बळ घटतें. मग सर्व जण तिलाच 'जेवण कमी कर' असें सांगतात. वास्तविक तिच्या वाटीस उसळ व दिवसांतून अर्धा तास स्वत:साठीं, या दोन वस्तु तिला प्रथम मिळाल्या पाहिजेत, आणि त्या मिळवून देणें हें घरांतील इतरांचें काम आहे.

कांहीं इशारे देणें आवश्यक आहे. मधुमेहाचें औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनीं जेवणांत फेरफार करण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें, नाहीं तर साखर एकाएकीं उतरून जिवावर बेतूं शकतें. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं प्रथिनें आपल्या मनानें वाढवूं नयेत. छातींत दुखल्यास व्यायाम तत्काळ थांबवून डॉक्टरांस गांठावें. आठवड्यास एक किलोहून अधिक वेगानें वजन उतरविण्याच्या मागें लागूं नये. ज्याचें वजन फार आहे त्याचें पांच ते दहा टक्के उतरलें, तरी रक्तदाब व साखर सुधारूं लागते. तेव्हां धीर धरण्यांतच लाभ आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठीं नियम निराळा आहे. तुमचें वय वाढीचें आहे. जेवण सोडण्याचें नव्हे. तुम्हीं दररोज सरासरी एक तास खेळावें, आणि आठवड्यांतून तीन दिवस तरी त्या खेळांत हाडांस व स्नायूंस ताण पडेल असें कांहीं असावें. खो-खो, कबड्डी, मल्लखांब, दोरीच्या उड्या, सर्व चालेल. तुमच्यापैकीं एखाद्याचें वजन खरोखरच अधिक असेल, तर बहुधा तें उतरविण्यापेक्षां तेथेंच थांबवून उंचीस पुढें जाऊं देणें हाच मार्ग डॉक्टर सांगतात. परंतु तो निर्णय त्यांचा, तुमचा किंवा आरशाचा नव्हे. चूर्णें, गोळ्या व जाहिराती यांपासून दूर राहा. आणि वर्गांतील कोणासहि त्याच्या देहावरून नांवें ठेवूं नका. 'जाड्या' या एका शब्दानें एखादा मुलगा मैदानावरून कायमचा निघून जातो, आणि ज्या व्यायामाची त्यास सर्वांत अधिक गरज होती तोच त्यास अंतरतो. पालकांनींहि हें ध्यानांत धरावें. मुलासाठीं वेगळें ताट मांडूं नये. साऱ्या घराचें ताट बदलावें.

शेवटीं या पाठाचा अभ्यास देतों. प्रत्येक विद्यार्थ्यानें घरांतील एका वडील माणसास, त्यांची संमति असेल तर, जोडीदार करून घ्यावें. वहींत त्यांचे चार रकाने आंखावे: कंबरेचा घेर, भिंतीवरचे किंवा जमिनीवरचे सलग जोर, खुर्चीवरून अर्ध्या मिनिटांत होणाऱ्या बैठका, आणि एक किलोमीटर चालण्यास लागणारा वेळ. वजनासाठीं पांचवा रकाना ठेवावयाचा तर ठेवावा, पण तो शेवटीं. दर पंधरा दिवसांनीं नोंद करावी, व आठ आठवड्यांनीं वही आम्हांस दाखवावी. कंबर कमी झाली, जोर वाढले व चालण्याचा वेळ घटला असेल, तर पांचव्या रकान्यांतील आंकडा थोडाच हलला असला, तरी त्या वहीस आम्ही पूर्ण गुण देऊं.